झाकलेला पाय

आम्ही रोह्याजवळच्या वाडीतले, रोजंदारीवर जगणारे. लहानपणी माझ्या डाव्या पायाच्या हाडात पू झाला, तेव्हा बाबांनी काम बुडवून दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला. पाय वाचला, पण नीट वाढला नाही. कॉलेजात गेले तीही एक टाच अधांतरी ठेवूनच.

बाबांची थोरली बहीण, पेणची आत्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायची. तिचा हात कधी हलत नसे. पाय लांबवायचं ऑपरेशन झालं, हाडातून सळ्या आणि बाहेर कड्या बसल्या, तेव्हा हाड हळूहळू लांबावं म्हणून कड्यांचे नट रोज थोडे फिरवायला डॉक्टरांनी तिलाच शिकवलं. मी तिच्याकडेच राहिले. पाना लावला की मी ओरडायचे, "नको गो आत्या, आखूडच राहू दे!"

"वरड. माझा हात थांबायचा नाय."

मग ती मोरीत जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजाखाली ती रडते, हे मला ऐकू यायचं.

गणपती घरी नेताना त्याचं तोंड झाकतात. आत्याने माझा पायही तसाच झाकला. कुणी आलं की कारखान्यातलं फडकं कड्यांवर पडायचंच. "अर्धं घडलेलं लोकांना दावायचं नाय," म्हणायची. त्या फडक्याखाली घाम साचला आणि सळ्यांच्या तोंडाशी पुन्हा पू धरला. डॉक्टर म्हणाले, "आटोक्यात आला नाही तर सगळं काढावं लागेल. पाय आहे तेवढाच राहील." "माझ्याच फडक्यानं झालं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने फडकं चुलीत घातलं आणि मला उघड्या पायाने दारात बसवलं.

शेजारीण म्हणाली, "काय गो, पायाला मांडव घातलास?"

"व्हय, लग्नाला ये," आत्या म्हणाली.

पण त्या दिवसापासून तिचा हात कापू लागला. पाना नटावर खडखडायचा. कारखान्यातही डोळ्यांचं काम तिला देईनासे झाले. "हातच नाय तर आता काय माझं," एवढंच ती बोलली.

पू हटला, लांबी मिळाली. नवं हाड घट्ट व्हायची वाट बघत होतो, तेव्हा कावीळ होऊन आत्या गेली. तिला नेताना मला उंबरासुद्धा ओलांडता आला नाही.

पुढे कड्या निघाल्या. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. गुडघा अजून पुरता वाकत नाही, त्यामुळे आत्याच्या फोटोपुढे मला बसता येत नाही. मी उभी राहते. दोन्ही टाचा जमिनीला टेकतात.