देवाम्होरची वायर

तवा घरात आमी चौघं हुतो: मी, माजी सून शालन, शेजारची हौसा आन् त्यो वायरमन. उंब्रजात कुनाची लाईट गेली की त्योच यायचा. वायरीसंगं म्हशीसंगं बोलावं तसं बोलायचा, "थांब गं, लाथ मारू नगंस."

देव्हाऱ्यावरल्या लाकडी पट्टीचा खिळा वायरीत घुसला हुता, त्ये मागनं कळलं; तवा नुसता भिंतीला करंट येत हुता. शालननं नुकतंच सारवलेलं, भुई वली. त्यानं चपला उंबऱ्याभाईर काढल्या.

"आरं बाबा, चपला घाल की."

"आज्जी, देवाम्होरं चपला?"

हौसा हसली, "तुजं पाय तरी कुटं धुतल्यात?"

"मग मेन तरी बंद कर," मी म्हनलं.

"बंद केल्यावर करंट कुटनं येतोय त्ये कसं कळंल?"

पट्टी उचकटताना त्यो तितंच चिकटला. शालननं पळत जाऊन मेन पाडला. सुद आल्यावर त्यानं पैलं इचारलं, "पाय देव्हाऱ्याला लागला न्हाई न्हवं?"

जीव वाचला, पर उजव्या हाताची बोटं मिटत न्हाईत. आता पारावर बसतो. कुनाची लाईट गेली की उठतो, आन् परत बसतो. बगून जीव तुटतो माजा.

हे वाचनाऱ्यांनो, वायरमनला चपला घालूनच घरात घ्या. देव काय म्हनत न्हाई.