तिसरी किल्ली

बाजारात त्यांना सगळे कानसकाका म्हणत. हातात कायम कानस असायची हे एक कारण, आणि जीभही तशीच खरखरीत होती हे दुसरं. दुकान जिन्याखालचं. एक माणूस बसला की दुसऱ्याने उभंच राहायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, टेबलावर भिंग, सोल्डरिंग गन, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं एक मशीन. हे मशीन गाडीला जोडलं की गाडी आपल्या पोटातलं सगळं सांगते. काका त्याला पुसल्याशिवाय हात लावत नसत.

वडिलांच्या हाताखाली ते शिकले तेव्हा किल्ली म्हणजे पितळ आणि कान, एवढंच होतं. कोरी किल्ली मेणबत्तीच्या काजळीवर धरायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, काजळी जिथे खरवडली गेली तिथे कानस मारायची. पुन्हा धरायची, पुन्हा फिरवायची. कुलूप उघडताना आतून जो आवाज येई, त्यासाठी काका जेवण सोडून उठत. ते दिवस गेले याचं त्यांना अजून वाईट वाटे, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटत नसे.

पहिली चिपवाली गाडी आली तेव्हा काकांनी तिची किल्ली हुबेहूब कापली. दार उघडलं, इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. काकांना वाटलं, दात चुकला. मग अशा पाच किल्ल्या कापल्या. शेवटी गाडीवालाच म्हणाला, "काका, हिला नुसती किल्ली पुरत नाही, ओळख लागते." काकांनी त्याला हाकलून दिलं, आणि त्या दिवशी त्यांना नीट जेवण गेलं नाही.

तर एका सकाळी जी गाडी दुकानापुढे थांबली, तिचा आवाज काकांनी कोपऱ्यावरच ओळखला. ती त्यांचीच होती. म्हणजे एके काळी होती. निळा रंग थोडा उतरला होता, मागच्या दाराजवळचा पोचा मात्र तसाच. सहा वर्षांत ती आणखी एका हातातून फिरून एका नर्सबाईंकडे आली होती. पण ओळख न देता काका म्हणाले, "बोला ताई."

"काका, ही गाडी आपोआप उघडते."

"आपोआप काही होत नसतं. बॅटरी बदलली?"

"दोनदा. ड्यूटीवरून येताना भाजीबाजारात थांबते ना, तिथेच होतं. लॉक करून जाते आणि परत येते तर उघडी. चोरीला काही गेलं नाही. पण मी पहाटे एकटी निघते काका. मला भीती वाटते. गॅरेजवाल्याला सांगितलं, तर तो हसला."

काका हसले नाहीत. त्यांनी रिमोट उघडला, बटणाखालचं रबर पुसलं, सर्किटवरचा डाख भिंगातून पाहिला. दुसरी किल्ली मागितली, तीही उघडली. दोन्ही ठणठणीत. मग टॉवेल सोडून मशीन गाडीला जोडलं. पडद्यावर ओळ उमटली. नोंदलेल्या किल्ल्या: तीन.

"तुमच्याकडे किती?"

"ह्या दोनच. तीन कशा?" ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे कोणाकडे तरी आहे?"

ती तिसरी किल्ली काकांनी स्वतःच बनवली होती.

आयुष्यात बनवलेली पहिली चिपवाली किल्ली. बायकोसाठी. बायको पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली होती आणि अशी शिकली, की मुलीला परीक्षेला सोडण्यापासून गॅस सिलिंडर आणण्यापर्यंत काही ना काही काम काढून रोज निघायची. गाडीसोबत आलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक काकांच्या खिशात असे, दुसरी ते कपाटात जपून ठेवत; दर वेळी मागायला नको म्हणून तिला स्वतःची हवी होती. काका दुसऱ्या शहरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून चिप आणि बटणवाला रिमोट घेऊन आले, आणि त्याचंच जुनाट मशीन उसनं आणून अकरा दिवस खटपट करत बसले. मधेच तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप हातातून निसटली. दोघं फरशीवर ओणवी होऊन टॉर्चने शोधत होती, आणि ती सापडली तिच्याच चपलेला चिकटलेली. गाडी सुरू झाली तेव्हा ती अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेली. शेजारच्यांनी दारं उघडली. काका दारात उभे राहून उगाच कानस पुसत होते, इतका आनंद झाला होता.

पुढे धंदा बसला. सगळ्याच गाड्या ओळख मागू लागल्या आणि उसन्या मशीनवर किती दिवस निभावणार? मशीन घेतलं नसतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. म्हणून एका दुपारी काकांनी गाडी विकली. बायको बहिणीकडे गेली होती. परत आली तेव्हा गाडीची जागा रिकामी होती, तिथे इंजिन ऑइलचा एक डाग तेवढा उरला होता. काकांनी चार दिवसांनी तिची किल्ली मागितली, तेव्हा ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "हरवली." काकांनी घेणाऱ्याला तेच सांगितलं. मशीन नवीन आहे, शिकलो की बोलावून तिची गाडीतली नोंद पुसून देतो, असंही सांगितलं, आणि विसरून गेले. तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला मात्र ऐकवत, 'जुनी गाडी घेतली की आधी जुन्या किल्ल्या पुसून घ्या.' लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आता पुसणं दोन मिनिटांचं काम होतं. समोरच्या दोन किल्ल्या ठेवायच्या, बाकी सगळ्या उडवायच्या. ताईंना कळलं नसतं, बायकोलाही कळलं नसतं. काकांचं बोट बटणावर गेलंही. पण ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकाच्या किल्लीची जादा नक्कल कधी काढून ठेवली नाही, त्याच्या घरात दुसऱ्याच्या गाडीची किल्ली होती. आणि बायको भाजीला त्याच बाजारात जाते, तिला ती किल्ली हवी होती म्हणूनच ती हरवली नव्हती, हेही आता लख्ख दिसत होतं.

"ताई," ते म्हणाले, "ती किल्ली माझ्या घरात आहे." आणि काही न वगळता सांगितलं.

ताई म्हणाल्या, "सहा महिने मी रात्री दोनदा उठून खिडकीतून गाडी बघते काका."

"चूक माझी आहे," काका म्हणाले.

त्यांनी बायकोला फोन केला. "निळी गाडी दुकानात आलीय," ते म्हणाले. वीस मिनिटांत ती आली, पर्समधून रुमालात बांधलेली किल्ली काढली आणि नवऱ्याकडे न बघता सरळ ताईंपुढे धरली.

"भाजी घ्यायला जाते तेव्हा दिसायची," ती म्हणाली. "एकदा सहज बटण दाबलं. दोनदा दिवे लागले. मला वाटलं, हिने ओळखलं मला. मग दिसली की दाबायची. परत बंद होण्यासाठी पुन्हा दाबायची, पण कधी कधी तुम्ही येताना दिसायचात आणि मी पळायची. तुम्हाला त्रास होत असेल हे डोक्यातच आलं नाही. माफ करा मला."

ताईंनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रागवायच्या तयारीत असाव्यात, पण शब्द निघाले ते वेगळेच. "बसा काकू एकदा. सुरू करून बघा."

ती बसली. सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. थोडा वेळ कान देऊन ती म्हणाली, "बेल्ट ओरडतोय हिचा. बदलून घ्या, नाहीतर रस्त्यात अडकाल." मग इंजिन बंद केलं, सीट आणि आरसा होते तसे केले आणि उतरली.

काकांनी मशीन चालवलं. नोंदलेल्या किल्ल्या: दोन.

तिने लांबून बटण दाबलं. गाडी तशीच उभी. जवळ जाऊन पुन्हा दाबलं. दिवे लागले नाहीत. ताईंनी नजर दुसरीकडे वळवली, आणि थोड्या वेळाने गाडी घेऊन गेल्या.

दोघं दुकानापुढे उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"विकली तेव्हाच पुसलं असतंत," ती म्हणाली, "तर एकदाच रडून झालं असतं माझं."

सहा वर्षं अडकून पडलेलं वाक्य काकांच्या तोंडून निघालं. "तेव्हा मी तुला विचारलंच नाही गं."

"नाही विचारलंत," ती म्हणाली.