दिवसभर चालायचे बूट

त्या वर्षी उजव्या टाचेनं मला रडकुंडीला आणलं होतं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं आणि मी भिंत धरून उभी राहायचे. दहा पावलांनी जरा बरं वाटायचं, दुपारी पुन्हा तेच. आणि माझं काम तर सगळं पायावरचं. बोरीच्या बाजूला एका उपकेंद्रात मी नर्स होते. चार गावं माझ्याकडे होती. घरोघर फिरून गरोदर बायांची नोंद घ्यायची, लेकरांना लस टोचायची, तापानं फणफणलेल्या माणसाच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं आणि संध्याकाळी काळ्या रानातल्या पायवाटेनं परतायचं.

डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि चालणं कमी करा म्हणाले. मला हसू आलं. मग त्यांनीच सुचवलं की तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या टेबलावर जागा रिकामी होणार आहे, अर्ज द्या, दिवाळीपर्यंत काय ते कळवा. मी अर्ज लिहिला, पण सही केली नाही. घडी करून कपाटात ठेवला.

पूर्णेला आईच्या कानावर हे गेलं आणि तिला इतका आनंद झाला की मला तिची कीव आली. माझा भाऊ रेल्वेत होता, त्याच्याकडे ती राहायची. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या रानात अनवाणी कापूस वेचण्यात गेलं होतं, आणि लेकीला शिकवलं ते एकाच हट्टानं, की लेक खुर्चीवर बसली पाहिजे. "पंख्याखाली बस माय," ती म्हणायची. "लोकायनी तुज्याकडं यावं. तू कशाला लोकायच्या उंबऱ्यावर जायलीस?"

तिला काय सांगणार? मला उंडारायला आवडायचं, हे खरं कारण होतं. दवाखान्यात बायका तोंड उघडत नाहीत. तीच बाई तिच्या चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता सगळं सांगून टाकते. खुर्चीत बसून मी चार महिन्यांत आंबून गेले असते. पण टाच ऐकत नव्हती, आणि आईला नाराज करायचं माझ्या जिवावर येत होतं.

तेव्हा आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. हे शाळामास्तर, बोलणं कमी. शाळेत व्यायामाच्या मास्तरांचे पळायचे बूट त्यांनी पाहिले होते, मऊ, जाड तळव्याचे. असे बूट घातले तर टाच थांबेल, असं त्यांना वाटलं. आमच्याकडे बाईमाणसाची चप्पल आणायची एक रीत होती. बाई दुकानात जायची नाही. घरातला पुरुष काडीनं पावलाचं माप घ्यायचा आणि ती काडी खिशात घालून बाजारला जायचा. ह्यांनीही तेच केलं. मी सकाळी पाय लांब करून डाळ निवडत बसले होते, ह्यांनी तुराटीची काडी तळव्याला लावली, मोडली आणि परभणीची एस.टी. धरली. मी रोज दहा जणांना सुया टोचणारी बाई, पण माझे बूट मीच जाऊन आणावेत, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

बूट आले. काडीला अगदी बरोबर होते. मी घालून उभी राहिले तर बोटं पुढं चेमटली आणि करंगळीला काच बसला. दुसऱ्या दिवशी दोन कोस चालून आले ती बूट हातात घेऊनच.

"मापाचेच हायत की," हे म्हणाले.

"काडीच्या मापाचे हायत," मी म्हणाले. "काडीला घाला आन् पाठवा लस टोचायला."

मला नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा नाही.

पोळ्याच्या आठवड्यात रजा काढून मी स्वतः परभणीला गेले. स्टेशनच्या रस्त्यावर एक लहानसं दुकान होतं आणि गल्ल्यावर दाढी पिकलेले एक चाचा बसायचे. ह्यांनी आणलेले बूट मी पुढं केले. चाचांनी बूट पाहिले नाहीत, माझे पाय पाहिले. सकाळचे दहा वाजले होते.

"अब्बी नको," ते म्हणाले. "सुबे का पाँव अलग रहता, शाम का अलग. दिनभर फिरको आव. फिर देखेंगे."

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हाकलून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. रागावून मी बाहेर पडले. बाजारात फिरले, एका मैत्रिणीकडे जेवले, पुन्हा फिरले आणि चारच्या सुमारास लंगडत परत गेले. चाचांनी मला जाड मोजे दिले आणि वर्तमानपत्रावर उभं केलं. बसून माप घ्यायचं नसतं, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, हे मला त्या दिवशी कळलं. डावं पाऊल उजव्यापेक्षा मोठं निघालं. चाळीस वर्षं बरोबर वागवलेले पाय, आणि मला पत्ता नव्हता.

मग त्यांनी एकेक जोड काढली. बूट हातात धरून वाकवायचे. मधोमध दुमडला तर बाजूला. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठेवायचा. पिळून पाहायचे. टाचेमागची बाजू अंगठ्यानं दाबायचे, ती दबली नाही पाहिजे. नुसत्या मऊ तळव्याला ते भुलत नव्हते. "गादी पे खडे रह के देखो, कमर दुखती," म्हणाले. शेवटी एक जोड राहिली, पुरुषांची, पांढरी, बाजूला निळा पट्टा. पुढं अंगठ्याएवढी जागा सुटली, बोटं मोकळी हलली आणि तळव्याच्या खोलगट भागाला खालून आधार मिळाला. चाचांनी मला रस्त्यावर पार चौकापर्यंत चालून यायला लावलं. नऊवारी नेसलेल्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. मी मात्र खूश होते. टाच होती, पण ओरडत नव्हती.

गावांनी माझी यथेच्छ थट्टा केली. पांढऱ्या पातळाखाली पांढरे बूट. "बाई, शर्यतीला चालल्या का?" असं विचारणाऱ्याला मी सांगायचे, हो, तुझ्या लेकराला धरायला, ते सुई पाहून पळतं. पंधरा दिवसांत सकाळचा खिळा बोथट झाला. मी खुशीत होते, पण एक गोष्ट चाचांनी पाहिली नव्हती आणि मीही नाही. चप्पल उंबऱ्याशी पायानंच निघते. बुटाला नाड्या. दिवसाला तीस उंबरे, तीसदा वाकून सोडायच्या, तीसदा बांधायच्या. त्यात भादव्यातला चिखल. आमच्या काळ्या मातीनं गाठ धरली की ती नखानं सुटत नाही. संध्याकाळी टाच बरी असायची आणि कंबर गेलेली असायची. दिवाळी महिन्यावर आली आणि मी अर्ज कपाटातून काढून पेटीवर ठेवला.

त्याच आठवड्यात एका गावात जमीनदाराच्या घरून बोलावणं आलं. सून बाळंत होऊन पाच दिवस झाले होते आणि अंगात ताप होता. त्या घरच्या थोरल्या बाई मला चांगल्या माहीत होत्या. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आम्ही बौद्ध, आणि त्यांच्या घरी कोनाड्यात माझ्यासाठी वेगळी कपबशी पालथी घातलेली असायची. त्यांच्या नातवंडांना मी हात लावलेला चालायचा, त्यांच्या कपाला नाही. मी चहा सोडलाय असं सांगायचे. घरी येऊन दोन कप प्यायचे.

मी दारात पोचले तर आतून लेकराचं रडणं ऐकू येत होतं, चिरकं, दमलेलं. चिखलानं बूट भरले होते. मी पायरीवर बसले आणि गाठ सोडायला लागले. डावी सुटली. उजवी सुटेना. आत लेकरू रडतंय, नखं मोडतायत, आणि बूट घालून बाळंतिणीच्या खोलीत जाणं शक्यच नाही.

थोरल्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "काय करायलाव इतका येळ?" म्हणाल्या.

"गाठ बसलीय."

"सरका. द्या तो पाय इकडं."

त्या पायरीवर बसल्या, माझा चिखलाचा बूट उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि गाठीत नखं घातली. लुगड्याला चिखल लागला. मी पाय मागं घेतला तर त्यांनी घोटा घट्ट धरला. "हलू नका, बाई." दातओठ खाऊन त्यांनी गाठ सोडली, टाचेला धरून बूट ओढला आणि बाजूला ठेवला. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. नातू उपाशी होता आणि त्यांना उशीर सहन होत नव्हता.

आत गेले. सुनेची छाती दगडासारखी झाली होती, लेकरू तोंड लावून सोडत होतं. गरम पाण्यानं शेकलं, थोडं दूध पिळून काढलं, लेकराला नीट धरायला शिकवलं, गोळ्या दिल्या. अर्ध्या तासानं ते चुटुचुटु प्यायला लागलं. बाहेर आले तेव्हा थोरल्या बाई ओट्यावर बसून काडीनं माझ्या बुटांचा चिखल खरवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "बांधून घ्या तुमचं तुमी. उद्या आल्यावर हाक मारा, सोडायला मी येते."

रविवारी मी पूर्णेला गेले. आई अर्जाचंच विचारणार, हे ठाऊक होतं. मी तिला आधी ही हकीकत सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं.

"तिनं हात लावला?"

"हो."

"बुटाला?"

"मांडीवर घेतला, आई."

ती माझ्या पायांपाशी येऊन बसली, बुटाच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला, टाचेमागं बोट घालून पाहिलं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी अगदी बरोबर जागी.

"पायाला बरे हायत का?"

"लय बरे हायत."

"दिसभर घालून चाललीस तरी?"

"तरी."

"मंग न्हाई बसायचं खुर्चीवर," आई म्हणाली. "तू चालत जा."