पुरेकाकांची पेन्सिल

गिऱ्हाइकाला परत पाठवणारे दुकानदार पुण्यात थोडे नाहीत, पण गिऱ्हाइकाचं भलं करून परत पाठवणारे मी एकच पाहिले: पुरेकाका. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि त्यांना माल देणाऱ्या कंपनीचा मी विक्री प्रतिनिधी. नव्वदच्या दशकात दर काही महिन्यांनी आणखी वेगवान प्रोसेसर यायचा. मी विक्रीचे चढते आलेख घेऊन त्यांच्यासमोर बसायचो. काका ते चष्मा लावून नीट बघायचे आणि विचारायचे, "टाइप करणाऱ्यांची बोटंही एवढी वेगानं चालायला लागली का हो?"

एकदा धायरीच्या एक निवृत्त शिक्षिका नवा कॉम्प्युटर घ्यायचाच, असं ठरवून आल्या. जुना मंद झाला होता, आणि जावयानं नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. काम काय, तर लेकीला पत्रं लिहायची. "मग आहे तो पुरे आहे, बाई," काका म्हणाले. त्यांनी जुना मागवून घेतला, ब्रशनं धूळ काढली, थोडी मेमरी वाढवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख घालून लिहिलं, 'पुरे आहे.' पुढच्या वेळी उघडणाऱ्यानं मालकाला उगाच घाबरवू नये, म्हणून ते प्रत्येक मशीनमध्ये असं लिहायचे. माझं त्या महिन्याचं टार्गेट बाईंबरोबर धायरीला गेलं. मी जाम वैतागलो होतो.

अशी टार्गेटं हुकत गेली आणि कंपनीनं काकांची एजन्सी काढून घेतली. पत्र द्यायला मलाच पाठवलं. मी नाही म्हणू शकलो असतो, पण माझी बढती अडली होती. काकांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि चहा मागवला. "तुमचा घरचा कॉम्प्युटर कसा चालतोय?" त्यांनी विचारलं. रखडतोय, मुलीला शाळेच्या कामाला लागतो, म्हणालो. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

त्याच आठवड्यात मी दौऱ्यावर असताना दुकानातून कुणीतरी येऊन कॉम्प्युटर साफ करून गेलं, पैसे घेतले नाहीत, असं बायको म्हणाली. त्यांचा मेकॅनिक असेल, असं मी धरून चाललो. आभार मानायलाही गेलो नाही; तोंड कुठलं दाखवणार? वर्षभरात दुकान बंद झालं. पुढे काका गेल्याचंही मला उशिरा कळलं.

परवा तो कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला. झाकण उघडलं, तर आत काकांचं अक्षर. तारीख मी पत्र दिल्यानंतर चार दिवसांची. 'पुरे आहे. मुलीच्या दहावीपर्यंत काळजी नको.'

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. बाकी सगळं भंगारवाल्यानं नेलं. झाकण मी दिलं नाही.