चालू मशीनवर नारळ

आरमोरीच्या बाजारात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे माझा खरा सीझन. लोक मशीनची पूजा करतात आणि मग मशीन घेऊन माझ्याकडे येतात. त्या वर्षी कुरखेड्याकडचा एक लग्नाचं शूटिंग करणारा आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून घेऊन आला. सोबत त्याच्या गावची एक बाई होती.

"चालूच नाई होऊन राह्यला," तो म्हणाला.

लावून पाहिला. काळा पडदा, डिस्क खराब असल्याची एक पांढरी ओळ आणि आतून टकटक. डबा उघडला, तर हळद, कुंकू, अक्षता, सगळा सरंजाम.

"नारळ कुठी फोडला?"

"याच्यावरच."

"बंद करून नं?"

"बंद मशीनले देव कसा पावन, भाऊ? चालू ठेवूनच फोडला. एका दणक्यात दोन तुकडे!" एवढं होऊनही गडी खूश होता. फिरत्या डिस्कवर दणका! मी कपाळावर हात मारला.

बाई पुढे सरकून म्हणाली, "आमच्या मालकाचा आवाज आहे त्याच्यात."

मालक पावसाळ्यात वारले होते. पोरीच्या लग्नाची सीडी घरी होती, पण या कलाकाराने तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. मालकांनी तोंड उघडलं की आवाज यायचा हिरोईनचा. खरा आवाज फक्त मूळ शूटिंगमध्ये, आणि ते या डिस्कवर.

"रिपेअर मारून द्या नं," तो म्हणाला.

"तू गप बस बे!" माझं डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मरायला टेकलेल्या डिस्कवर रिपेअर चालवलं की उरलंसुरलंही जातं. घर पेटलं की आधी सामान बाहेर काढायचं, घराचं मग पाहू. डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि कॉपी लावली.

दुपारभर ती टकटकत राहिली. हळद निघाली, वरात निघाली, पंगतीमागून पंगती निघाल्या. अख्खं गाव वरणभात खाताना जसंच्या तसं वाचलं. मालकांची फाईल आली की मात्र गाडी अडायची. देवाने नारळ मनापासून स्वीकारला होता.

संध्याकाळी एक तुकडा निघाला. मांडवात मालक, घामाघूम, कॅमेऱ्यावर खेकसताहेत, "अबे, मले काऊन घेऊन राह्यला? तिले जेवाले सांग पहिले. सकाळपासून उपाशी आहे ते!" मग कॅमेऱ्यावर हात आला आणि संपलं.

शूटिंगवाला ओशाळला. "हे तर मी काटूनच टाकलं होतं."

"आणखी एकडाव लावा, भाऊ," बाई म्हणाली. मी लावलं. ती पदर तोंडात धरून रडली. मग न विचारता मीच पुन्हा लावलं. मालक पुन्हा खेकसले, तशी ती पदर सोडून स्क्रीनवर चिडली.

"जेवली होती नं मी! मांगच्या चुलीपाशी बसून जेवली. तुम्हीच आले नाई पाहाले."