टीचरबाय आणि पळपुटे बल्ब

टीचरबाय बल्बला ओरडायची. नुसती पुटपुटायची नाही. चष्मा नाकावर ओढून, एक बोट वर करून, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशी. "मेल्या, काल शिकवलंय तां आज इसारलंस?" बल्ब बिचारा लुकलुकायचा. वाय-फाय सुटलं की त्याला तेवढंच येत होतं.

ती आमची शेजारीण. मालवणात जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, रविवारी कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून चर्चला जाणारी. माझा मुलगा महेश तिच्याच हाताखालून गेलेला. माझे यजमान गेल्यावर महेशने पुण्याहून येऊन घरभर स्मार्ट सामान बसवलं: बोललं की पेटणारे दिवे, मोबाइलवरून चालणारा पंप आणि दारापुढच्या खळ्यावर नजर ठेवणारा कॅमेरा. वर अट घातली, "आई, कॅमेरा चालू असेल तर तू इथे. सारखा बंद पडला, तर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे."

कॅमेरा तर दिवसाआड डोळे मिटायचा.

माझं धाबं दणाणलं. तशी मी जुनीच घाबरट. नवी नवरी असताना पोस्टातल्या फोनवर सासऱ्यांचा आवाज आला, तेव्हा मी डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून नमस्कारही केला. रिसीव्हर खाली आपटला, नमस्कार काही पोचला नाही. ही गोष्ट टीचरबायने मासळीबाजारातसुद्धा सांगून झालेली.

"रडतंस कशाक गो?" ती म्हणाली. "पोरां वर्गात बसनत नाय, तर कारण शोधूक व्हया."

मग रोज सकाळी चहा पिऊन ती यायची आणि हजेरी घ्यायची. "पडवीचो बल्ब? हजर. पंप? हजर. कॅमेरो? ... कॅमेरो खंय उलथलो?" वीज जाऊन आली की मी सगळी बटणं एकदम दाबत सुटायचे. ती माझा हात धरायची. "आधी मास्तर वर्गात येव दे, मगे पोरां." म्हणजे आधी राउटर, त्याचा हिरवा दिवा स्थिर झाला की बाकीचे. निम्मी पळापळ थांबली. कॅमेरा मात्र पळतच राहिला.

एकदा महेशने फोनवर विचारलं, "राउटर नक्की ठेवलायस कुठे?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे बिजागऱ्या, पंख्याची पाती, शिलाई मशीन, सगळं गंजतं. चांगली वस्तू कोणी उघड्यावर ठेवतच नाही. टीचरबायच्या हुकमावरून राउटर यजमानांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला, वायरीपुरती नि हिरव्या दिव्यापुरती फट सोडून. ऐकताच महेश ओरडला, "पत्र्यातून वाय-फाय जात नाही गं, आई!"

टीचरबायने शांतपणे ट्रंक उघडली. "अगो, मास्तराक पेटयेत कोंडल्यार तो शिकवतलो कसो?" जणू कोंडणारी मीच! राउटर पडवीच्या खिडकीशी उंच फळीवर बसला आणि कॅमेऱ्याने डोळा उघडला तो उघडाच.

मे महिन्यात महेश आला. सगळं तपासलं, खूशही झाला. तरी दुपारी जेवताना म्हणाला, "आई, मला भीती वाटतेच गं. चल तू." पलीकडे टीचरबाय सोलकढी पीत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"महेश, उभो रव."

आणि तो टक्कल पडलेला माणूस खरंच उभा राहिला!

"तुझी आवस रोज हजर आसा. गैरहजर तू आसस."

सुट्टी संपल्यावर तो एकटाच परत गेला. पण पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन आला आणि पडवीत बसून ऑफिसचं काम करू लागला. आता दर महिन्याला येतो. कुलपाचं नाव कोणी काढत नाही.

गेल्या नाताळानंतर टीचरबाय झोपेतच गेली. दफनभूमीत महेश माझ्या शेजारी उभा होता. फादर प्रार्थना म्हणत होते, तेवढ्यात त्याच्या खिशात मोबाइल थरथरला: खळ्यात कोणीतरी आलंय. त्याने दचकून पाहिलं आणि हळूच मोबाइल माझ्यापुढे धरला. टीचरबायचा बोका मी वाळत घातलेल्या कोलंबीवर ताव मारत होता. निवांत, एकेक निवडून.

मी रुमाल तोंडात कोंबला. महेशचे खांदे गदगदू लागले. लोकांना वाटलं, मायलेक रडतायत. तेही खोटं नव्हतं.