युसुफच्या अम्मीची दुआ

देवीपुढे जोडलेले हात आपलेच आहेत असे वाटू नये, अशी वेळ माझ्यावर एकदा आली. तोवर मी स्वतःला श्रद्धाळू समजत होतो. बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावर देवीला याडी म्हणतात. याडी म्हणजे आई. माझी जन्मदात्री मी रांगत असतानाच गेली. जरा कळू लागल्यावर बापाने मला देवीपुढे उभे करून सांगितले, "आता हीच तुझी याडी." पुढे कितीतरी वर्षे मला ते पुरेसे होते.

यवतमाळला वसतिगृहात राहून शिकत असताना मला फुटबॉलचा नाद लागला. अंगाने दणकट असल्यामुळे मला मागे, गोलच्या राखणीला ठेवत. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास नागपूरच्या एका कापडगिरणीने मला आपल्या संघासाठी नोकरीवर घेतले. हजेरी खात्यात लागायची, पण खरे काम मैदानावर. मी फुलबॅक होतो. पुढे खेळणाऱ्याचे गोल लोक आठवणीत ठेवतात. बॅक आठवतो तो त्याच्या चुकीमुळे. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचे, एवढेच मला येत होते आणि ते चांगले येत होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर एका हिवाळ्यात आमच्या संघाचा यवतमाळच्या संघाशी तिथल्याच मैदानावर सामना ठरला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड युसुफ हा मोटारी दुरुस्त करणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा, हरणासारखा चपळ. उत्तरार्धात एक चेंडू उंच आला. आम्ही दोघांनी एकाच वेळी उडी घेतली आणि माझे कपाळ त्याच्या कानशिलावर आदळले. पंचांनी फाउल दिला नाही, कारण तो फाउल नव्हताच. पण युसुफ पडला तो उठला नाही. शिट्टी वाजली, लोक धावले, आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. शुद्धीवर येईपर्यंत काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आमचा संघ नागपूरला परतला. माझा पाय निघेना. मी देवीच्या देवळात गेलो, हात जोडले, पण ते हात माझे वाटेनात. ज्याच्या कपाळाने तो पोरगा पाडला, त्यानेच 'ह्याला उठव' म्हणून कोणत्या तोंडाने मागावे? देवी खरोखर ऐकते का, हा प्रश्नही तेव्हा पहिल्यांदा मनात आला, आणि त्याची भीती वाटली. शेवटी एवढेच म्हणालो, "याडी, मला काही सुचत नाही. तूच बघ." आणि बाहेर पडलो.

दवाखान्यात आत जायची हिंमत झाली नाही. आवारातल्या कडुनिंबाखाली बसून राहिलो. दुपारी एक वयस्क बाई ओढणी सावरत थेट माझ्याकडे आली. युसुफची अम्मी. मी उठून उभा राहिलो. ती शिव्या देईल, हात उचलेल, असे वाटले. तसे झाले असते तर मला उलट हलके वाटले असते.

"तूच काय रे तो नागपूरवाला?"

"हो अम्मी."

ती माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. तिथे रक्त सुकून खपली धरली होती. "तुह्या जखमेवर कोणी पट्टी बी नाही बांधली? मा नाही काय तुले?"

"नाही," मी म्हटले.

"मंग असा भायेर काहून बसून राह्यला, बेटा? चल अंदर. मी हाओ नं."

त्या क्षणी मला काय वाटले ते मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही करणार नाही. मी रडलो. तिने मला आत नेले, नर्सला सांगून पट्टी बांधून घेतली, आपल्या डब्यातली भाकर हातावर ठेवली. ती व्हरांड्यात नमाज पढायची, मी खाटेशी बसून याडीचे नाव घ्यायचो. पुढच्या दिवशी ऊन कलताना युसुफने डोळे उघडले. माझ्याकडे बघून त्याने विचारले, "हा कोण?"

"तुह्यासंग पडला तो," अम्मी म्हणाली.

युसुफ वाचला, पण त्याचा डावा कान गेला आणि डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. हे कळल्यावर मीही खेळ सोडायचे ठरवले. गिरणीच्या साहेबांनी समजावले म्हणून एका सामन्याला उतरलो खरा, पण पुढचा गडी अंगावर आला की माझे पाय आपोआप मागे सरकत. गोल झाला. तेवढ्यात रेषेबाहेरून आवाज आला, "काहून मांगं सरकून राह्यला बे? भिड नं!" तो युसुफ होता. मला न सांगता यवतमाळहून आला होता. कमी ऐकू येत असल्याने तो आता मोठ्याने बोले, त्यामुळे त्याचा आवाज साऱ्या मैदानाने ऐकला. पुढचा चेंडू आला आणि मी भिडलो. त्यानंतर गुडघा दुखावेपर्यंत मी गिरणीसाठी खेळत राहिलो.

नोकरी सोडून गावाकडे आलो तेव्हा अम्मी फार थकली होती. एकदा तिच्याजवळ बसलो असताना मी विचारले, "अम्मी, दवाखान्यात तुम्ही नमाज पढत होत्या, तवा काय मागतलं होतं?"

"तू झाडाखाली बसून होता, तवाच खिडकीतून दिसला मले. पह्यले तुह्यासाठी मागतलं."

"माह्यासाठी? जिवावर तं युसुफच्या बेतलं होतं."

"त्याच्यासाठी सारा मोहल्ला मांगून राह्यला होता," ती म्हणाली. "तुह्यासाठी कोण मांगत होतं?"

अम्मी आता नाही. देवळात गेलो की मी पूर्वीसारखी मागण्याची घाई करत नाही, नुसता बसतो. आपल्याला वाटते, आपण हाक मारू तेव्हाच कृपा येईल. पण मी बाहेर झाडाखाली बसून होतो, मागायचीही लाज वाटत होती, आणि आत एक आई माझ्यासाठी हात पसरून बसली होती. तिला तेव्हा माझे नावही ठाऊक नव्हते.